चौथा दगड

माय, मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायला दुसरं कोणी नाही. बाकी सगळे मला समजावतील. तू समजावत नव्हतीस. तू आधी दंड धरायचीस आणि मग विचारायचीस, काय झालं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मला आधी तो दंडावरचा हात आठवतो, चेहरा मागून येतो. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. तरी लिहिते.

तुझी नात विमान चालवायला शिकते. तू गेलीस तेव्हा ती जन्मली नव्हती, म्हणून थोडक्यात सांगते. उंच आहे. रागावली की तुझ्यासारखी बोलायचं बंद करते आणि भांडी घासायला घेते. धुळ्याच्या बाहेर माळावर एक लहानशी धावपट्टी आहे, तिथेच ती राहते आणि शिकते. विमानं दोघांपुरती, एक शिकणारा आणि एक शिकवणारा. स्कूटरवर मागे बसायला मी अजून घाबरते, आणि त्या विमानाचं दार स्कूटरच्या डिकीसारखं खटकन बंद होतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. ती तिकडे गेल्यापासून आमच्या जळगावच्या घरावरून विमान गेलं की मी हातातलं काम थांबवते. ते लांबचं, मोठं विमान असतं. त्यात ती नसते. मला माहीत असतं. तरी आवाज संपेपर्यंत मी थांबते. वर्गात शिकवतानाही थांबते. मुलांना वाटतं, मॅडमना पुढचा मुद्दा आठवत नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. मी पोळ्या करत होते.

"आई, उद्या बहुतेक सोलो."

"म्हणजे?"

"म्हणजे एकटी. सर खाली उतरणार, मी एक चक्कर मारून परत."

"आणि सर?"

"खाली. चहा पीत."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही ग. खरंच चहा पितात. त्यांना धाकधूक होते ते कोणाला दिसू नये म्हणून." ती हसली. मी तवा उतरवला. "आणि सकाळी लवकरच सोडतात. ऊन चढायच्या आत."

ऊन चढलं तर काय होतं, हे मी विचारायला नको होतं. तिला समजावून सांगायला आवडतं. ती म्हणाली, ऊन हवेला तापवत नाही, जमिनीला तापवतं, आणि जमीन हवेला. काळं नांगरलेलं रान जास्त तापतं, केळीची बाग कमी. तापलेली हवा पसरते. पसरली म्हणजे तेवढ्याच जागेत ती कमी मावते, म्हणून हलकी होते.

"आणि वर जाते," मी म्हणाले. एवढं मलाही शाळेत होतं.

"जात नाही. इथेच सगळे चुकतात. तिला ढकलतात."

"कोण ढकलतं?"

"आजूबाजूची थंड हवा. ती जड असते. ती खालून घुसते आणि हलक्या हवेला वर लोटते. रिकामा हंडा टाकीत दाबून बघ. तो स्वतःच्या जोरावर वर येत नाही, पाणी त्याला वर काढतं. घार पंख न हलवता वर जाते ना, ती त्या लोटलेल्या हवेत बसलेली असते. माणसं बसवून उडवतात तो मोठा फुगाही तसाच. खाली आग, आत गरम हवा, आणि बाहेरची थंड हवा त्याला माणसांसकट उचलते."

"मग तुझं विमान?"

"विमान पंखावर उडतं. पंख हवेला खाली दाबतो, हवा पंखाला वर उचलते. पण गरम हवा विरळ, पंखाला धरायला कमी मिळतं. जास्त पळावं लागतं. आणि उतरताना नांगरलेल्या रानावरून आलं की तीच हवा खालून धक्का देते. विमान टेकतच नाही, नुसतं तरंगत राहतं. म्हणून सकाळी."

"म्हणजे तीच हवा वर ढकलते आणि तीच धरत नाही."

"बरोब्बर! बघ, समजलं तुला."

समजलं म्हणूनच रात्र जागून गेली. उजाडायच्या आधी मी मागच्या टाकीपाशी गेले आणि रिकामा हंडा पाण्यात दाबला. आधी सोपं होतं. मग पाण्याने तो तळहातांखाली उचलायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून मी तो खाली धरून ठेवला. हात कापायला लागले. हंडा निसटला, वर उसळला आणि माझं पातळ पुढून सगळं भिजलं. तुझ्या जावयाने आतून विचारलं, काय पडलं? मी म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, मला धुळ्याला जायचं आहे, तिथल्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायची आहे. परीक्षा नव्हती. एकटीने उडायच्या दिवशी आईबापांनी येऊ नये असं तिने बजावलं होतं. पहिली एसटी मिळाली. पारोळ्यापर्यंत मी खिडकीतून आकाश पाहिलं नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर कोणी खिळ्याने नाव कोरलं होतं, ते वाचत राहिले.

धावपट्टीला तारेचं कुंपण आहे. कुंपणाबाहेर एका लिंबाखाली एक म्हातारा बसला होता. शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून त्याला तिथे ठेवलेलं. माझी पर्स आणि चष्मा पाहून तो उभा राहिला आणि शाळेत बोलावं तसं पुस्तकी मराठी बोलला.

"मॅडम, आत प्रवेश नाही."

"आत नाही जायचं नाना. इथूनच बघते."

"आपलं कोणी आहे का इथे?"

"नाही," मी म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. हो म्हटलं की वर कोणीतरी ऐकेल असं काहीतरी वाटलं असावं.

"मग कुठून आलात?"

"जळगावहून."

"जळगावला विमान नाही का?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"आहे. तिथली मोठी असतात."

त्याने मान डोलावली, जणू लहान विमानं बघायला लांबून माणसं येतच असतात. मला बसायला त्याने आपलं पोतं झटकून दिलं.

सकाळी हवेत धूळ होती. पट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. विमानं रांगेत उभी होती आणि मुलं त्यांच्या सावलीत बसली होती. धूळ खाली बसेपर्यंत कोणी उडत नाही, नाना म्हणाला. ती बसली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पट्टीच्या या टोकाला, कुंपणाच्या अलीकडे, एक मोठं काळं रान नुकतंच नांगरून ठेवलेलं होतं. ढेकळांवरची हवा हलायला लागली होती. पलीकडची बाभळीची ओळ तिच्यातून वाकडी दिसत होती. मी त्या हवेकडे बघत बसले. माय, ती माझ्या ओळखीची होती.

आपलं धाब्याचं घर, नरडाण्याच्या अलीकडे. सपाट मातीचं छत, कठडा नाही. उन्हाळ्यात तू आणि शेजारची अक्का पहाटेच चुलीवर ज्वारीचा आंबवलेला घाटा शिजवता, भगोणं धाब्यावर नेता आणि ओल्या लुगड्यावर हाताने थापून बिबडे घालता. वर तीळ. मी पाच-सहा वर्षांची असेन. लुगड्याच्या तीन कोपऱ्यांवर तू दगड ठेवतेस आणि चौथ्यावर मला बसवतेस.

"बस आठे. हालजो नको. तू मन्हा चौथा दगड शेस."

गावात दगडांची कमी नव्हती. मी उन्हात गावभर हिंडू नये म्हणून तू मला काम दिलं होतंस, हे आता कळतं. तेव्हा मला ते फार मोठं पद वाटायचं. मी मांडी घालून, कोपरा घट्ट धरून बसायची, आणि जवळचा बिबडा अर्धा ओला असतानाच कडेकडेने तोडून खायची. अक्का ओरडायची, "पाहा वं, तुन्हा दगड बिबडा खाई ऱ्हायना!" आणि तू हसताना पदर तोंडाशी धरायचीस.

सकाळी बिबडे ओले असतात, तेच लुगड्याला खाली धरून ठेवतात. दुपारी ते वाळतात आणि त्यांचं वजन जातं. त्या दिवशी दुपार झाली होती. गावाबाहेरच्या नांगरलेल्या रानातून वावटळ उठली. तू समोरच्या कोपऱ्यावर वाळलेल्या कडा बघत होतीस. आधी काडीकचरा आला, मग माती, मग डोळे मिटले. एक दगड घरंगळला. लुगडं माझ्याखाली फुगलं. मी बसल्या जागी सरकले, धाब्याच्या कडेकडे, आणि कोपरा माझ्या दोन्ही मुठीत होता. तू ओरडतेस, "सोड! सोडी दे!" मी सोडत नाही. तू ओरडतेस, "मरी जाशी!" तुझ्या हातात समोरचा कोपरा आहे. तू तो टाकतेस. पुढचं मला दिसत नाही, फक्त दंडावर तुझा हात लागतो आणि मुठीतून कापड ओढून निघतं. डोळे उघडले तेव्हा लुगडं लिंबाच्या शेंड्यावरून पलीकडे जात होतं आणि बिबडे सुटे होऊन गल्लीत पडत होते. कडेपर्यंत हातभरच अंतर राहिलं होतं. मी पुढे झुकून खाली पाहिलं. खाली गाडीचं मोडकं चाक होतं.

तू मला मारलंस. मग पोटाशी धरून बसलीस आणि उठलीच नाहीस. अक्का म्हणाली, "बठ्ठा बिबडा ग्यात वं." तू म्हणालीस, "जाऊ दे." पुढच्या उन्हाळ्यापासून चौथ्या कोपऱ्यावर खरा दगड आला. मी धाब्यावर आले की तू खाली हाकलायचीस. आणि येईल त्या बाईला सांगायचीस, सांगताना प्रत्येक वेळी आवाज बसायचा: "सांगं तठेच बसनी मन्ही पोर. मरी जाती पन हालती नही." तुला वाटायचं, तूच मला तिथे बसवलंस, आणि तुझ्या शब्दासाठी मी बसून राहिले.

दहा वाजून गेले होते. तुझी नात शिक्षकाबरोबर दोन-तीन चकरा मारून आली. विमान पट्टीच्या कडेला थांबलं. उजव्या बाजूचं दार उघडलं, एक माणूस उतरला, त्याने दार ढकलून पाहिलं आणि बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली. मग तो चालत निघाला. मागे वळून न बघता चालत होता. माय, विमानात आता एकच डोकं दिसत होतं.

ती पळते. विमान पळतं आहे आणि चाकं जमीन सोडत नाहीत. पंखाला धरायला कमी मिळतं आहे, मला कळतं आहे, आणि कळण्याचा काही उपयोग नाही. पट्टी संपत येते. मग चाकांखाली उजेड दिसतो. ती वर जाते, वळते, लहान होते, डोंगराच्या बाजूने पाठमोरी जाते. त्याच बाजूला एक घार फिरते आहे, पंख न हलवता. मला त्या घारीचा राग आला.

आणि रानात वावटळ उठली. आधी ढेकळांवरचा पाचोळा जागच्या जागी फिरला. त्यात एक प्लास्टिकची पिशवी आली आणि फिरत वर गेली. मग माती. बघता बघता खांबासारखी उभी राहिली आणि सरळ पट्टीच्या तोंडाकडे चालू लागली. मी वर पाहिलं. ती समोरून येत होती. खाली, आणखी खाली, रानाच्या टोकावर. तिला वरून काय दिसत होतं मला माहीत नाही. मातीच्या रंगावर मातीच. विमानाला खालून कोणीतरी लोटलं. नाक वर झालं. मग एक पंख उचलला गेला, पुरता, त्याची खालची बाजू मला दिसली. इतका वेळ मी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता ओरडले. कोणत्या भाषेत ओरडले ते मला ओरडल्यावर कळलं.

"सोड! सोडी दे! सोडी दे व माय!"

तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आवाज बदलला. इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं, पंख सरळ झाला, आणि ती उतरण्याचं सोडून वर निघून गेली. पट्टीवरून, रांगेत उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून, वर. तिचं तिनेच ठरवलं. वावटळ पट्टी ओलांडून पलीकडे गेली आणि बाभळीत शिरून विरून गेली.

मी खाली बसलेली होते. पोत्यावर नाही, मातीवर. पातळाचा काठ गुडघ्याखाली दाबलेला, आणि उजवा तळहात जमिनीवर, सगळं वजन टाकून. हात उचलला तेव्हा मुठीत एक दगड आला होता.

नाना माझ्याकडे बघत होता. त्याची शाळेची भाषा गेली होती.

"तुम्ही ते आपलाच गावन्या निघन्यात! माले वाटनं कोनी सायबीन शे." मग त्याने वर बोट केलं. "पोर कोननी शे ती?"

"मन्ही," मी म्हणाले. "मन्ही शे."

नाना शेजारी येऊन उकिडवा बसला. तंबाखू मळायची थांबवली. आम्ही दोघं बघत राहिलो. ती दुसऱ्यांदा आली. पट्टीवर आली आणि टेकेना. तरंगत राहिली, तरंगतच राहिली, तापलेली पट्टी तिला खाली घेईना. नाना तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बस, बाई. बस आते." तुझाच शब्द, माय. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. मग धूळ, मग विमान सावकाश चालतं आहे. पोरं बादल्या घेऊन धावली. एकटीने पहिल्यांदा उडून आलं की पाणी ओततात, ती रीत आहे. तिला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं. ती हसत होती, आणि वेणी पिळत होती. तिने कुंपणाकडे बघायच्या आत मी निघाले. नाना मागून म्हणाला, "भेटी घ्या ना तिले." मी हात हलवला.

पारोळ्याला गाडी थांबली होती तेव्हा तिचा फोन आला.

"झालं ग आई! सोलो झाला!"

"कसं झालं?"

"काही नाही, एकदम साधं. गेले, आले."

"एकदाच?"

"एकदाच."

"वारा नव्हता?"

"वारा कुठला! पान हलत नव्हतं. तू जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. मीही खोटंच सांगितलं, जेवले नव्हते.

ती मला वाचवते आहे, हे मला त्या स्टँडवर, उसाच्या रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात कळलं, आणि तिथून घरापर्यंत सोबत आलेली भीती ही वेगळी भीती आहे. सकाळची संपली. ही संपणार नाही. तिचा पंख उचलला गेला होता हे ती मला कधीच सांगणार नाही. उद्या ती पुन्हा वर जाईल, परवा जाईल, पुढे मोठ्या विमानात जाईल, आणि दर वेळी मला फोनवर सांगेल की पान हलत नव्हतं. मी कुंपणापाशी नसेन. मी विचारेन, ती म्हणेल साधं होतं, आणि मला यापुढे कशावरूनच कळणार नाही. आणि मी हे तिला बोलूनही दाखवू शकत नाही, कारण मग मी तिथे होते हे सांगावं लागेल. मुली आईला असंच सांभाळतात का? तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुला मीही कधी सांगितलंच नव्हतं.

मुठीतला दगड पर्समधून घरी आला. कागदाच्या एका कोपऱ्यावर तो ठेवला आहे. पंखा चालू आहे, बाकीचे तीन कोपरे फडफडतात. तुझा जावई विचारून गेला, काय लिहितेस? म्हटलं, परीक्षेचा अहवाल. हा कागद उद्या मी पुस्तकात घालून ठेवेन, कुठल्या ते बहुधा विसरेनही.

पण एक सांगायचं राहिलं आहे, आणि त्यासाठीच बसले होते. लुगडं माझ्याखाली फुगलं तेव्हा माझं वजन गेलं. कोणीतरी मला खालून उचलत होतं, आणि ते तू नव्हतीस. तू सोड म्हणालीस ते मला नीट ऐकू आलं होतं. धाब्याची कड येताना दिसत होती. तुझ्या शब्दासाठी मी बसून राहिले नव्हते, माय. तू शेवटपर्यंत आवाज बसवून घेतलास तो उगीच. मला वर जायचं होतं.